लोन ऑफिसरचे कमिशन: कमी करायला त्याला मनाई का, आणि दर कमी कोण करू शकते

न्यू जर्सीत एडिसनजवळ पहिले घर घेणाऱ्या एका दांपत्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांना ५ लाख डॉलरचे, ३० वर्षांचे, स्थिर व्याजाचे कर्ज हवे आहे. मराठी मंडळातल्या ओळखीचे एक लोन ऑफिसर, म्हणजे कमिशनवर कर्ज जुळवून देणारे गृहस्थ, ६.७५ टक्के दर देत आहेत, आणि दुसऱ्या एका कंपनीने जवळपास तेवढ्याच खर्चात ६.५० टक्क्यांचा लोन एस्टिमेट, म्हणजे दर आणि खर्चाच्या अंदाजाचा कागद, पाठवला आहे. हप्त्यात महिन्याला सुमारे ८३ डॉलरचा फरक पडतो. ओळखीच्या गृहस्थांकडे हा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "माझे कमिशन लेंडर (कर्ज देणारी कंपनी) देतो, तुमच्या खिशातून काही जात नाही, आणि ते कमी करायला मला कायद्याने मनाई आहे. पण वास्तुशांतीला मी पाकिटातून १,५०० डॉलर देईन." चढ्या दरामुळे त्यांना जास्त पैसे मिळतात का, कमिशन कमी करता येत नाही हे खरे आहे का, आणि ते पाकीट घ्यावे का, असे तीन प्रश्न आहेत.

मी २००५ पासून या धंद्यात आहे. पहिली काही वर्षे एका ब्रोकरकडे, म्हणजे निरनिराळ्या लेंडरांकडून कर्ज मिळवून देणाऱ्या कंपनीत, लोन ऑफिसर होतो, नंतर एका लेंडरच्या कंप्लायन्स (नियमपालन) विभागात आलो, आणि गेली बरीच वर्षे लोन ऑफिसरांच्या मोबदल्याचे करार तपासणे हेच माझे मुख्य काम आहे. तुमच्या लोन ऑफिसरने सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी एक पूर्ण खरी, एक अर्धी खरी आणि एक चुकीची आहे, असे माझे मत आहे. ते का, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

२००६ साली सकाळी नऊ-साडेनऊच्या सुमारास आमच्या ऑफिसात निरनिराळ्या लेंडरांच्या रेट शीट फॅक्सने आणि ई-मेलने येत असत. डाव्या बाजूला वरून खाली व्याजाचे दर, वरच्या बाजूला दर किती दिवस लॉक करायचा ते दिवस, आणि चौकटींमध्ये आकडे, असे त्या कागदाचे रूप असे. एखाद्या दिवशी ६.२५ टक्क्यांसमोर १०० हा आकडा असेल तर तो 'पार' दर, म्हणजे लेंडर ब्रोकरला वेगळे काही देणार नाही. त्याच रकान्यात खाली ६.७५ टक्क्यांसमोर १०१.५ असेल, तर ग्राहकाच्या गळ्यात तो दर उतरवल्याबद्दल लेंडर ब्रोकरला कर्जाच्या दीड टक्का रक्कम देणार, म्हणजे ४ लाख डॉलरच्या कर्जावर ६,००० डॉलर. याला यील्ड स्प्रेड प्रीमियम म्हणत. ग्राहकाला मात्र त्या अर्ध्या टक्क्यापायी ३० वर्षे दरमहा सुमारे १३२ डॉलर जादा भरावे लागत. ती शीट ग्राहकाला दिसत नसे. सेटलमेंटच्या कागदावर 'वायएसपी, पीओसी' अशी अक्षरे आणि एक रक्कम छापलेली असे, आणि त्याचा अर्थ विचारणारा ग्राहक मला त्या काळात दोन-तीनदाच भेटला असेल. मुदतीपूर्वी कर्ज फेडल्यास दंड भरण्याची अट घातली, तर तो प्रीमियम आणखी वाढत असे. आम्ही सगळेच वाईट नव्हतो, पण ज्या माणसाच्या सल्ल्यावर ग्राहक विसंबून होता, त्याची कमाई ग्राहकाच्या नुकसानीबरोबर वाढत होती, ही गोष्ट कोणत्याही सद्भावनेने झाकली जात नाही.

ही साखळी तोडणारा नियम ट्रुथ इन लेंडिंग ॲक्ट या १९६८ च्या कायद्याखालील रेग्युलेशन झेडमध्ये, कलम १०२६.३६ मध्ये आहे. फेडरल रिझर्व्हने २०१० मध्ये केलेली त्याची पहिली आवृत्ती एप्रिल २०११ पासून लागू झाली. दरम्यान जुलै २०१० मध्ये डॉड-फ्रँक कायदा आला, आणि त्याच्या आधारे कन्झ्युमर फायनान्शियल प्रोटेक्शन ब्युरोने जानेवारी २०१३ मध्ये विस्तारित नियम काढला. मोबदल्यासंबंधीच्या तरतुदी १ जानेवारी २०१४ पासून अमलात आहेत. राहत्या घरावरील मुदत कर्जांना तो लागू होतो; होम इक्विटी लाइनसारख्या खुल्या कर्जखात्यांना आणि केवळ भाड्याने देण्यासाठी घेतलेल्या घराच्या कर्जाला तो लागू होत नाही.

नियमाचा गाभा एका वाक्याचा आहे: कर्जाच्या कोणत्याही अटीवर लोन ऑफिसरचा मोबदला अवलंबून असता कामा नये. व्याजाचा दर, पॉइंट्स (दर उतरवण्यासाठी आधीच भरलेली रक्कम), फी, मुदतपूर्व फेडीचा दंड, स्थिर की बदलता दर, या सगळ्या अटीच. याला एकच महत्त्वाचा अपवाद आहे, आणि तो म्हणजे कर्जाची रक्कम. त्या रकमेच्या ठरावीक टक्केवारीने मोबदला देता येतो, मात्र टक्केवारी सर्व कर्जांना सारखी हवी. किमान आणि कमाल मर्यादा घालता येते. नियमाच्या अधिकृत भाष्यात १ टक्का, पण १,००० डॉलरपेक्षा कमी नाही आणि ५,००० पेक्षा जास्त नाही, असे उदाहरण आहे. त्याच भाष्यानुसार ३ लाख व त्यावरील कर्जाला १ टक्का, २ ते ३ लाखांना २ टक्के आणि त्याखालच्या कर्जाला ३ टक्के अशी उतरंड मात्र चालत नाही. एकूण किती कर्जे केली, फाइली किती नेटक्या होत्या, आलेल्या अर्जांपैकी किती क्लोजिंगपर्यंत, म्हणजे अंतिम सह्यांपर्यंत, पोहोचले, ग्राहक नवा की जुना, दिलेली कर्जे पुढे थकली का, अशा गोष्टींवर मोबदला बेतायला हरकत नाही.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. तुमच्या लोन ऑफिसरचा करार १ टक्क्याचा असेल, तर ६.७५ टक्क्यांना ५,००० डॉलर आणि ६.५० टक्क्यांनाही ५,००० डॉलरच. तुम्हाला चढा दर लावून त्या कर्जावर त्यांना एक सेंटही जास्त मिळू शकत नाही.

पण त्यांची कंपनी हा वेगळा विषय आहे, आणि बहुतेक ग्राहकांचा गोंधळ इथेच होतो. चढ्या दराचे कर्ज दुय्यम बाजारात, म्हणजे फॅनी मे किंवा फ्रेडी मॅककडे अथवा अन्य गुंतवणूकदाराकडे विकताना जास्त किंमत येते, आणि ती कंपनीच्या खिशात जाते. नियमाने हा नफा रोखलेला नाही. तो वाटून पुन्हा त्याच लोन ऑफिसरपर्यंत पोहोचू नये एवढीच खबरदारी घेतली आहे. कंपनीच्या नफ्यावर आधारलेला रोख बोनस लोन ऑफिसरला देता येतो, पण तो त्याच्या एकूण मोबदल्याच्या १० टक्क्यांपर्यंतच. वर्षभराचा एकूण मोबदला दीड लाख डॉलर असेल, तर त्यात असा बोनस १५,००० च्या वर जाता कामा नये. स्वतः कर्जे करणारा शाखा-व्यवस्थापक या बाबतीत लोन ऑफिसरच धरला जातो. जो व्यवस्थापक स्वतः एकही कर्ज करत नाही, त्याला मात्र शाखेच्या नफ्यातला वाटा देता येतो, आणि शाखेचे मार्जिन किती ठेवायचे हे अनेक कंपन्यांत तोच ठरवतो. कायद्याने दारातून घालवलेला दबाव या खिडकीतून थोडासा परत येतो, असे मला नेहमी वाटत आले आहे.

आता दुसरा प्रश्न. कमिशन कमी करायला मनाई आहे हे त्यांचे म्हणणे खरे आहे, आणि तुमची परिस्थिती तर भाष्यातल्या उदाहरणाशी जवळपास तंतोतंत जुळते. लोन ऑफिसरचा मोबदला एका पातळीवर ठरवून, ग्राहकाला दुसरीकडे कमी दर मिळतो म्हणून निवडक कर्जांपुरता तो उतरवणे चालत नाही, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. मोबदला वाढवायला बंदी का, हे कुणालाही कळते; कमी करायला बंदी का, हे ऐकताना विचित्र वाटते. त्याचे कारण असे की कमी करायची मुभा दिली की प्रत्येक जण आपला करार आधी चढा ठेवणार आणि घासाघीस करणाऱ्याला सूट देणार. मग घासाघीस न करणारा, इंग्रजीत वाद घालायला कचरणारा, पहिल्यांदाच घर घेणारा माणूस पूर्ण किंमत मोजणार, आणि दर व कमिशन यांचा तोडलेला धागा उलट्या बाजूने पुन्हा जोडला जाणार. ही भीती काल्पनिक नव्हती. सारखीच पत असूनही आफ्रिकन-अमेरिकन आणि हिस्पॅनिक कर्जदारांना जास्त खर्च लावल्याच्या आरोपांवरून अमेरिकेच्या न्याय विभागाने कंट्रीवाइडबरोबर डिसेंबर २०११ मध्ये ३३.५ कोटी डॉलरची तडजोड केली होती. तक्रारीत जाणीवपूर्वक द्वेषापेक्षा लोन ऑफिसर आणि ब्रोकर यांना किंमत ठरवण्यात दिलेल्या मोकळिकीवरच बोट ठेवलेले होते.

परंतु 'कायद्याने मनाई आहे' या वाक्यातून तुमच्या मनात दोन गैरसमज उरण्याची शक्यता आहे, आणि ते दूर करण्यासाठीच मी इतके लांबलचक लिहीत आहे. पहिला गैरसमज म्हणजे कमिशन किती असावे हे कायदा ठरवतो. तसे नाही. कायदा फक्त ते कर्जागणिक बदलू देत नाही. एकाच कंपनीत एका लोन ऑफिसरचा करार ०.७५ टक्क्यांचा आणि शेजारच्या टेबलावरच्याचा १.५ टक्क्यांचा असू शकतो, आणि पुष्कळ ठिकाणी दुसऱ्याच्या ग्राहकांना दाखवला जाणारा दर त्या हिशेबाने चढा असतो. त्यांच्याकडे तुम्हाला ६.७५ टक्के दिसणे आणि दुसरीकडे ६.५० दिसणे यामागे असे साधे कारण असू शकते. कंपनीला करार बदलायचा असेल तर तो पुढील काळासाठी, सर्व कर्जांना लागू होईल असा बदलता येतो. तुमच्या फाइलपुरता नाही.

दुसरा गैरसमज असा की त्यामुळे दरही कमी होऊ शकत नाही. दर कमी होऊ शकतो. कंपनी स्वतःच्या नफ्यातून दर उतरवू शकते. तिने लोन ऑफिसरला ठरलेले ५,००० डॉलर पूर्ण द्यायचे आणि सवलतीचा भार स्वतः सोसायचा, एवढीच अट आहे. धंद्यात याला प्राइसिंग एक्सेप्शन म्हणतात. लोन ऑफिसर तो मागतो, प्राइसिंग डेस्क किंवा शाखा-व्यवस्थापक मंजूर करतो, आणि दुसऱ्या लेंडरचा लोन एस्टिमेट जोडलेला असला तर मंजुरीची शक्यता बरीच वाढते. म्हणून "तुमचे कमिशन कमी करा" असे न म्हणता "हा एस्टिमेट जोडून तुमच्या कंपनीकडे प्राइसिंग एक्सेप्शन मागा" असे लिहून कळवावे. दोन्ही कागद एकाच दिवसाचे असावेत, कारण बाजार रोज हलतो आणि मंगळवारचा दर शुक्रवारच्या दराशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो.

लोन ऑफिसरचा मोबदला कापण्याची एक अरुंद वाट भाष्याने मोकळी ठेवली आहे. क्लोजिंगचा एखादा खर्च आधी कळवलेल्या अंदाजापेक्षा अनपेक्षितपणे वाढला, तर तो फरक भरून काढण्यासाठी लोन ऑफिसर आपल्या मोबदल्यातून पैसे सोडू शकतो. तो खरोखर अनपेक्षित असावा लागतो. दर महिन्याला त्याच कारणासाठी तेच घडत असेल, तर त्याला अनपेक्षित म्हणता येत नाही. स्पर्धेमुळे दर जुळवणे या वाटेत बसत नाही.

पळवाटांचे म्हणाल तर त्या मी जवळून पाहिल्या आहेत. एका कंपनीत असताना शुक्रवारी संध्याकाळी एक फाइल माझ्याकडे आली. ग्राहक लोन ऑफिसरच्या स्वतःच्या ओळखीतून आलेला होता आणि तशा कर्जावर १०० बेसिस पॉइंट, म्हणजे १ टक्का, मिळत. कंपनीने पुरवलेल्या ग्राहकावर ५०. ग्राहकाला दर पाव टक्का कमी हवा होता. सिस्टीममधल्या नोंदी उघडून पाहिल्या, तेव्हा ज्या दुपारी नवा दर मंजूर झाला त्याच दुपारी, अवघ्या अकरा मिनिटांच्या अंतराने, 'लीडचा स्रोत' या रकान्यात 'सेल्फ' पुसून 'कॉर्पोरेट' लिहिले गेले होते. ग्राहक जिथून आला तिथूनच आला होता. बदलला होता तो फक्त रकाना. स्रोतानुसार वेगळा मोबदला ठरवणे अयोग्य नाही, पण दर उतरवण्यासाठी स्रोत बदलणे म्हणजे कर्जाच्या अटीनुसार मोबदला बदलणेच. नियम याला प्रॉक्सी म्हणतो: जो घटक स्वतः अट नाही, पण अनेक कर्जांमध्ये सातत्याने अटीबरोबर हलतो आणि ज्यात लोन ऑफिसरला फेरफार करता येतो, तोही अटच समजावा. घर कोणत्या राज्यात आहे हे लोन ऑफिसर बदलू शकत नाही, म्हणून ते प्रॉक्सी ठरत नाही. रकाना बदलता येतो. ती फाइल मी अडवली, आणि लोन ऑफिसरला पूर्ण मोबदला देऊनच ती पुढे गेली. माझ्याविषयी त्या शाखेत काय बोलले गेले ते इथे लिहिण्याजोगे नाही.

तुमचे गृहस्थ 'लेंडर मला देतो' म्हणाले, त्यावरून ते लेंडरचे नोकर नसून ब्रोकर असण्याची शक्यता आहे, आणि तसे असेल तर हिशेब थोडा वेगळा होतो. ब्रोकर कंपनी प्रत्येक लेंडरशी आपली टक्केवारी आधी ठरवून ठेवते आणि लेंडर ती प्रत्येक कर्जावर देतो. ही रक्कम अर्थात तुमच्या दरातच मुरवलेली असते, म्हणून 'तुमच्या खिशातून काही जात नाही' हे वाक्य मला नेहमीच खटकते. ते अर्धेच खरे आहे. ब्रोकरला दुसरा मार्ग असा की लेंडरकडून काही न घेता थेट ग्राहकाकडून फी घ्यायची, आणि तेव्हा ती फी किती हे ब्रोकर कंपनी तुमच्याशी बोलून ठरवू शकते. मात्र एका कर्जावर दोन्हीकडून घेता येत नाही. चढ्या दराच्या बदल्यात मिळालेल्या लेंडर क्रेडिटमधून (लेंडरने क्लोजिंगच्या खर्चासाठी दिलेल्या रकमेतून) ती फी भरली, तर ती ग्राहकाने थेट दिली असे धरले जात नाही. तेव्हा तुमच्या गृहस्थांना असे विचारून पाहा: "हे कर्ज बॉरोअर-पेड केले तर दर किती, आणि तुमची फी किती?"

निरनिराळ्या लेंडरांकडून निरनिराळी टक्केवारी मिळत असल्यामुळे ब्रोकरला ज्याच्याकडून जास्त मिळते त्याच्याकडे ग्राहक ढकलण्याचा मोह असतो, आणि तोही त्याच कलमात निषिद्ध आहे. ब्रोकरने आपण नेहमी व्यवहार करतो अशा पुरेशा, म्हणजे किमान तीन, लेंडरांकडचे पर्याय मिळवून ग्राहकासमोर सर्वांत कमी दराचे कर्ज, जोखमीच्या अटी नसलेले सर्वांत कमी दराचे कर्ज आणि सर्वांत कमी पॉइंट्स-फीचे कर्ज ठेवले, तर नियमाचे संरक्षण मिळते. त्यामुळे चांगल्या ब्रोकरच्या फाइलमध्ये असा तुलनेचा, तुमच्या सहीचा एक कागद असतोच. तुम्हाला तो दाखवला गेला नसेल तर मागून घ्या.

या नियमाचे सगळेच परिणाम चांगले झाले असे मी म्हणणार नाही. न्यू जर्सी हाउसिंग अँड मॉर्गेज फायनान्स एजन्सीसारख्या राज्य संस्थांच्या योजनांतील कर्जांवर लेंडरला उत्पन्न कमी आणि कागदपत्रांचे काम जास्त असते, पण त्या कर्जांसाठी लोन ऑफिसरचा मोबदला वेगळा, कमी ठेवता येत नाही. परिणामी काही लेंडर त्या योजना देतच नाहीत, आणि ज्यांच्यासाठी नियम केला त्यांनाच ती झळ बसते. पहिले घर घेत आहात, तर या योजनांत तुम्ही बसता का, हे एकदा विचारून ठेवा.

नियम मोडला तर काय होते, याची उदाहरणे ब्युरोच्या सुरुवातीच्या कारवायांत आहेत. युटामधील कॅसल अँड कुक मॉर्गेज या कंपनीने लोन ऑफिसरांना दर तिमाहीस बोनस दिले, ते दराशी जोडलेले होते, असा ब्युरोचा आरोप होता. नोव्हेंबर २०१३ मधील तडजोडीत ग्राहकांना ९२ लाख डॉलर परत करण्याचे आणि ४० लाख डॉलर दंडाचे ठरले. जून २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातील आरपीएम मॉर्गेज प्रकरणात, लोन ऑफिसरांच्या नावाने ठेवलेल्या 'खर्च खात्यां'त चढ्या दराचा नफा साठवून तो बोनसरूपाने दिल्याचा आरोप होता. तिथे ग्राहकांसाठीची रक्कम १.८ कोटी डॉलर होती, आणि कंपनीबरोबर तिच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यालाही वेगळा १० लाखांचा दंड झाला. वैयक्तिक ग्राहकालाही दावा करता येतो, तीन वर्षांच्या आत, आणि त्यात लोन ऑफिसरला त्या कर्जावर मिळालेल्या मोबदल्याच्या तिपटीपर्यंत भरपाई मिळू शकते. पुढे फोरक्लोजरची, म्हणजे हप्ते थकल्याने घर जप्त होण्याची, वेळ आली, तर हे उल्लंघन बचाव म्हणून पुढे करण्यास ती मुदतही आड येत नाही.

कागद कुठे पाहावा हेही सांगतो. लोन एस्टिमेटच्या दुसऱ्या पानावर 'ए' (A) विभागात ओरिजिनेशनचे, म्हणजे कर्ज उभे करून देण्याचे, खर्च असतात; दोन लेंडरांची तुलना तिथे करावी, कारण टायटल, कर आणि विमा हे खर्च लेंडरच्या हातात नसतात. तिसऱ्या पानावर कंपनीचा आणि लोन ऑफिसरचा एनएमएलएस (या धंद्यातल्या परवान्यांच्या देशव्यापी नोंदीचा) क्रमांक छापलेला असतो. तो एनएमएलएस कन्झ्युमर ॲक्सेस या संकेतस्थळावर टाकला की परवाना, आधीच्या नोकऱ्या आणि नियामक कारवाई झाली असल्यास तीही दिसते. लेंडरने ब्रोकरला दिलेली रक्कम लोन एस्टिमेटवर दिसत नाही. ती क्लोजिंग डिस्क्लोजरच्या, म्हणजे अंतिम हिशेबाच्या कागदाच्या, दुसऱ्या पानावर 'इतरांनी भरलेले' या रकान्यात येते, आणि तो कागद क्लोजिंगच्या किमान तीन कामकाजाच्या दिवस आधी तुमच्या हाती पडतो. तुमच्या दरात काय मुरवले होते, ते त्या दिवशी आकड्यात दिसेल.

राहिले पाकीट. वास्तुशांतीला ओळखीच्या माणसाने नारळ, साडी किंवा चांदीची वाटी आणली तर त्यात कुणी कायदा शोधणार नाही. पण दर कमी करा म्हटल्यावर त्याच्या बदल्यात कबूल केलेले १,५०० डॉलर हा आहेर नाही. लोन ऑफिसरने स्वतःच्या मोबदल्यातून तुम्हाला दिलेली ती किंमत-सवलत आहे, म्हणजे ज्याला मनाई आहे असे ते स्वतःच सांगत होते, तेच मागच्या दाराने करणे आहे. शिवाय क्लोजिंगच्या आधी ठरलेली आणि कोणत्याही कागदावर नसलेली अशी रक्कम घेतली, तर क्लोजिंग डिस्क्लोजरवर तुम्ही ज्या हिशेबाखाली सही कराल तो हिशेब अपुरा असेल, आणि ती सही तुमची असेल. माझ्या टेबलावर हे आले असते तर मी मंजूर केले नसते. त्यांना नम्रपणे सांगा की ही सवलत कंपनीने तिच्या खात्यातून लेंडर क्रेडिट म्हणून द्यावी आणि ती सुधारित लोन एस्टिमेटवर छापून यावी. कंपनी नाही म्हणाली, तर ६.५० टक्क्यांचा कागद तुमच्या हातात आहेच, आणि वास्तुशांतीला या गृहस्थांना जेवायला बोलवायला त्यामुळे काही अडत नाही.